जोडलेली चेन परत तुटते, परत उडते : आधी जोड तपासा

चेन तुटली, जोडून आणली, चार दिवस चालली आणि परत तुटली. किंवा तुटली नाही, पण पॅडलवर उभं राहून जोर दिला की ‘खट्’ करून उडी मारते, पाय सटकतो आणि नडगी पॅडलवर आपटते. सांगलीत सायकल अजूनही कामाची वस्तू आहे. कॅन अडकवून दूध घालणारे, कॅरिअरवर वैरणीचा भारा बांधून आणणारे, शाळेच्या मुली, रविवारी दंडोबाच्या डोंगराकडे निघणारी गिअरवाली मंडळी, या सगळ्यांच्या सायकली माझ्या हाताखालून जातात, आणि पंक्चरच्या खालोखाल तक्रार असते ती हीच. माझं ठाम मत असं, की एकदा जोडलेली चेन परत त्रास देऊ लागली तर नवी चेन घेण्याआधी जुनीचा जोड बघावा. बहुतेकदा दुखणं तिथेच सापडतं आणि किरकोळ पैशांत बरं होतं.

लक्षणं नीट ओळखा

‘चेन खराब आहे’ एवढ्यावर काहीच कळत नाही. ती नक्की काय करते ते बघा.

ठोका ठरावीक अंतराने बसतो का? साध्या काळ्या सायकलीच्या चेनव्हीलला, म्हणजे पॅडलपाशी असलेल्या दातेरी चक्राला, बहुधा ४४ दाते असतात आणि चेनीत साधारण १०० ते ११० कड्या. म्हणजे पॅडलच्या सव्वादोन ते अडीच फेऱ्या झाल्या की चेनीची एक फेरी पुरी होते. ठोका याच तालात येत असेल, तर चेनीतली एकच कडी दुखरी आहे, आणि ती नव्वद टक्के नाही तरी बहुतांशी जोडाचीच निघते. ठोका पॅडलच्या प्रत्येक फेरीला त्याच जागी येत असेल तर चेन सोडा, चेनव्हील वाकलंय का, क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, धरणारी कॉटर पिन सैल झालीय का, पॅडल हलतंय का ते बघा.

ताल नाही, पण चढाला किंवा सायकल जागची हलवताना जोर पडला की चेन दात्यांवरून सरकते, असं असेल तर चेन आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, यांचं एकमेकांशी जमत नाहीये. नवी चेन टाकल्यावर हे सुरू झालं असेल तर संशय फ्रीव्हीलवरच घ्या.

पॅडल अचानक पोकळ फिरतं, चेन मात्र दात्यांवर नीट बसलेली असते, ही तिसरी गोष्ट. यात फ्रीव्हीलच्या आतले खटके अडकलेले असतात. चेन खोलून काही उपयोग नाही.

आणि चेन नुसतीच उतरत असेल, तुटत किंवा उडत नसेल, तर ती सैल आहे किंवा मागचं चाक तिरकं बसलंय.

पहिली तपासणी : डोळे आणि नख

याला काही खर्च नाही. सायकल उलटी करा किंवा डबल स्टँडवर घ्या. एक गोष्ट आधीच सांगतो, आणि घरात मुलं असतील तर त्यांनाही सांगा : चेन फिरत असताना तिला बोट लावायचं नाही, फडकंही धरायचं नाही. फडकं दात्यात ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोट जातं. एकाने पॅडल फिरवायचं आणि दुसऱ्याने चेन पुसायची, हे तर अजिबात नको. चेन थांबवा, हात लावा, हात काढा, मग फिरवा.

थोडी थोडी चेन पुढे घेत कोरड्या फडक्याने पुसत चला. जोड लपत नाही. बाकीच्या पिनांची डोकी काळपट आणि एकसारखी असतात, जोडाची पिन चकचकीत असते, नाहीतर तिच्या डोक्यावर हातोडीचे वण असतात. ती सापडली की दोन्ही बाजूंनी अंगठ्याचं नख फिरवा. शेजारच्या पिना प्लेटच्या, म्हणजे कडीच्या बाजूच्या पट्टीच्या, बाहेर जेवढ्या डोकावतात तेवढीच हीसुद्धा डोकावली पाहिजे, दोन्हीकडे सारखी. एका बाजूला नखाला उंचवटा लागतो आणि दुसऱ्या बाजूला पिन प्लेटच्या आत खड्ड्यात गेलेली लागते, असं असेल तर तुमची चेन का तुटते ते तिथेच कळलं. बाहेरच्या दोन प्लेटांपैकी एक जवळजवळ मोकळी आहे. दुसरी एकटी सगळा भार ओढते, हळूहळू वाकते आणि पिन सोडते. तुटलेल्या चेनीत एक प्लेट वाकून उघडलेली दिसते, ती यामुळेच.

सांगलवाडीहून दूध घेऊन येणारे एक मामा चिडून म्हणाले होते, “परवाच जोडून घेतली की ओ, आज परत गेली. चेनच बाद हाय, नवी टाका.” म्हटलं, मामा, जरा थांबा, आधी जोड बघू. पिन एका बाजूला अर्धी आत होती. चेन चांगली होती, दात्यांवर घट्ट बसत होती. फक्त ती कडी काढून लॉक, म्हणजे क्लिपने बसणारी जोडकडी, घातलं. नवी चेन लागली नाही.

आता आखडलेली कडी. पॅडल सावकाश उलटं फिरवा आणि चेन फ्रीव्हीलवरून सुटते तिथे नजर ठेवा. बाकीच्या कड्या सरळ होत पुढे जातात, आखडलेली कडी गुडघा मुडपल्यासारखी वाकडीच राहते. गिअरच्या सायकलीत हे आणखी सोपं आहे : डिरेलरच्या, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या, दोन छोट्या चाकांतून ती कडी जाताना डिरेलरचा हात झटका खातो. पिन ठोकताना बाहेरच्या प्लेटा आतल्या कडीवर दाबल्या जातात आणि मधली केसभर मोकळीक संपते, म्हणून कडी आखडते. उपाय हातांनीच होतो. त्या कडीच्या दोन्ही बाजूंनी चेन धरा, दोन्ही अंगठे पिनेवर टेकवा आणि चेन तिच्या वाकण्याच्या दिशेला नाही, आडवी, डावी-उजवीकडे, थोडी लवचिकपणे दाबा. दोन-तीनदा केलं की कडी मोकळी होते. जोर मात्र जपून. जास्त लावला तर प्लेटच वाकते.

गंजाने आखडलेल्या कड्या वेगळ्या असतात. एखाद-दुसरी असेल तर तेल घालून मोकळी होते. पण २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात ज्या सायकली कृष्णेच्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या चेनीत बारीक गाळ रोलरच्या आत जाऊन बसला होता. अशा चेनीत जागोजागी कड्या धरतात, एक सोडवली की दुसरी धरते. तिथे वेळ घालवू नये, चेन बदलावी.

दुसरी : तेल आणि घाण

आपल्याकडे गॅरेजमधलं जळकं ऑइल चेनीला लावायची सवय आहे. फुकट मिळतं म्हणून लावतात, पण त्यात इंजिनाचा बारीक धातू असतो आणि त्यावर धूळ जाड थराने चिकटते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती वाळली की तिचा फुफाटा होतो. तो या ऑइलवर बसला की चेन आतून घासत राहते. वरून चेन काळी, ओली आणि तेलकट दिसते, म्हणून मालकाला वाटतं सगळं छान आहे.

चेन डिझेलने भिजवलेल्या ब्रशने घासा, कोरडी पुसा, उन्हात पूर्ण वाळू द्या. डिझेल आत राहिलं तर नवं तेल टिकत नाही. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब पातळ तेल, शिवणयंत्राचं चालतं, चेनचं मिळालं तर उत्तम. पॅडल उलटं फिरवून तेल आत मुरू द्या आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. तेलाचं काम पिन आणि रोलरच्या मधे आहे, बाहेर राहिलेलं तेल धूळच धरतं. पुष्कळ ‘कटकट’ आवाज इथेच थांबतात.

तिसरी : ताण आणि चाक

ही फक्त बिनगिअरच्या सायकलींसाठी. १५ नंबरचा पाना लागतो.

खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. पॅडल थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी बघा, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. कुठे ताठ, कुठे सैल लागेल. जिथे सगळ्यांत ताठ असेल तिथे अर्धा इंच ठेवायचा. सैल जागी ताण ठरवला तर ताठ जागी चेन तारेसारखी ओढली जाते, आणि ताणलेल्या चेनीचा कमकुवत जोड सगळ्यांत आधी जातो.

नट सैल करून चाक मागे घेताना टायर चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या भागाच्या, दोन्ही नळ्यांपासून सारख्या अंतरावर ठेवा. आधी उजवा नट आवळा, मग टायर मधोमध आणून डावा. नट ढिला राहिला तर जोरात पॅडल मारल्यावर एक्सल उजवीकडून पुढे ओढला जातो, चाक तिरकं होतं आणि चेन उतरते. चाक सरकवलं की दांडीचे ब्रेक परत जुळवायला विसरू नका. रबर रिमवर पूर्वीच्या जागी बसत नाही.

चौथी : पट्टी लावून मोजा

मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरत नाही, १२ इंचांहून थोडी लांब स्टीलची पट्टी घ्या.

सायकलच्या चेनीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे १२.७ मिमी. साधी असो वा गिअरची, हे माप एकच. म्हणून २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. चेन ताणून धरा, शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि २४ कड्यांनंतरची पिन कुठे येते ते बघा. १२ इंचांवर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, पुढे गेली असेल तर चेन एक टक्का वाढली. अशी चेन जोडत बसण्यात अर्थ नाही. अर्धं सूत वाढली असेल तर गिअरच्या सायकलीत तेव्हाच बदलावी, म्हणजे कॅसेट, मागच्या गिअरचक्रांचा संच, वाचते.

लोखंड ओढून लांब झालं असं वाटतं, तसं नसतं. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा आतला कडा झिजतो. प्रत्येक सांध्यात केसभर वाढ, आणि शंभर सांध्यांत ती अर्धा इंच होते. कड्यांमधलं अंतर वाढलं की चेन दात्यांच्या तळाशी न बसता वर चढून बसते आणि दातेही तसेच खाऊन घेते. म्हणून खूप जुनी चेन जुन्याच फ्रीव्हीलवर गुपचूप चालते आणि नवी चेन त्याच फ्रीव्हीलवर उड्या मारते. दुकानदाराने खराब चेन दिली असं म्हणत लोक भांडायला जातात. दात्यांकडे बघा : एका बाजूला कललेले, टोकदार दिसत असतील तर फ्रीव्हील चेनीबरोबरच बदला.

याच कारणाने झिजलेल्या चेनीत नवा तुकडा घालू नये. तुकड्याचं माप अर्धा इंच, बाकीच्यांचं थोडं जास्त. दात्यांवर तो तुकडा आला की ठोका बसणारच.

पाचवी : चेन खोलणं आणि जोडणं

इथे हत्यार लागतं. चेन कटर, म्हणजे पिन ढकलून काढायचं स्क्रूचं हत्यार, घ्या. खिळा आणि हातोडीने पिन निघते, हे खरं आहे. साध्या जाड चेनीत खाली नट ठेवून, सरळ ठोका देऊन, सवयीचा हात हे काम करतोही. पण खिळा किंचित तिरका पडला तर पिन तिरकी जाते आणि प्लेटचं भोक मोठं करते. जोड परत तुटण्याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत मोठं कारण हेच भोक आहे. बाहेरच्या प्लेटमध्ये पिन घट्ट दाबून बसवलेली असते, आणि ती पकड हीच चेनीची सगळी ताकद. भोक एकदा सैल झालं की पिन कितीही ठोकली तरी धरत नाही.

आधी कुठे खोलायची ते ठरवा. चेनीत एक आतली (अरुंद) कडी, एक बाहेरची (रुंद), अशी आलटून-पालटून रचना असते. आतल्या टोकाला बाहेरचंच टोक जुळतं. म्हणून लॉक न घालता एक खराब कडी काढायची म्हटलं तरी शेजारची धरून दोन काढाव्या लागतात, म्हणजे एक इंच. चेन एक इंच कमी झाली की चाक अर्धा इंच पुढे येतं. चिमट्यात तेवढी जागा आहे का, टायर फ्रेमला तर लागत नाही ना, हे तोडण्याआधी बघा.

लॉक वापरणार असाल, आणि वापराच, तर दोन्ही टोकं आतल्या कडीची हवीत. खराब झालेली बाहेरची कडी काढून टाकली की उरलेली दोन टोकं आतलीच असतात, तिथे लॉक बरोबर बसतं आणि लांबीही बदलत नाही. पिना पूर्ण बाहेर काढायला हरकत नाही, त्या परत लागणारच नाहीत.

जुनीच पिन परत बसवायची वेळ आली तर ती पूर्ण काढू नका. चेन कटरच्या लांबच्या खाचेत, आधाराला टेकवून बसवा, त्याचं टोक पिनेच्या बरोबर मध्यावर आहे ना बघा आणि सावकाश फिरवा. सुरुवातीला जड जातं, मग एकदम सुटतं, तिथून प्रत्येक अर्ध्या फेरीला थांबून बघा. पिनेचं टोक पलीकडच्या प्लेटमध्ये अडकून राहिलं पाहिजे, आतून किंचित डोकावेल एवढं. मग चेन आडवी वाकवली की कडी सुटते. जोडताना तेच डोकावणारं टोक आतल्या कडीला जागेवर धरतं. पिन परत ढकला, दोन्ही बाजूंना नख फिरवून सारखी करा, कडी आखडली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे मोकळी करा. हे साध्या जाड चेनीत एकदा चालतं. त्याच पिनेवर दुसऱ्यांदा जोड देऊ नका.

साध्या चेनीच्या लॉकला तीन भाग असतात : दोन पिना असलेली प्लेट, सुटी प्लेट आणि माशासारखी क्लिप. जोड चेनव्हीलच्या दात्यांवर आणा, तिथे दोन्ही टोकं आपोआप जवळ राहतात. प्लेट आतून घाला, सुटी प्लेट बाहेरून आणि मग क्लिप. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या बाजूला असताना पुढे, चेनव्हीलकडे. उघडं टोक पुढे ठेवलं तर कव्हरला किंवा काडीकचऱ्याला अडकून क्लिप निघून जाते. पक्कडने क्लिपचं एक टोक आणि जवळची पिन यांना एकत्र दाबा, ‘टक्’ आवाज येतो. दोन्ही पिनांच्या खाचांत क्लिप बसलीय का ते डोळ्यांनी बघा.

गिअरची सायकल असेल तर

नियम कडक आहेत. या चेनी अरुंद असतात, पिनांची टोकं प्लेटच्या पातळीत दाबून पसरवलेली असतात. पिन एकदा ढकलली की तो पसरलेला काठ तुटतो. तीच पिन परत घातली तर गिअर बदलताना चेनीवर जो आडवा ताण येतो, त्याने प्लेट उचकटते, आणि नेमकी चढाला, जोर असताना. म्हणून जुनी पिन परत वापरायचीच नाही. शिमानोच्या चेनीसाठी वेगळी जोडपिन मिळते : लांब, पुढे निमुळती. ढकलल्यावर निमुळता भाग पक्कडने तोडून टाकायचा. नाहीतर क्विक लिंक, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत अडकणारी जोडकडी, वापरा. ती तुमच्या मागच्या गिअरच्या संख्येची हवी. ८ गिअरची लिंक १० च्या चेनीला चालत नाही, रुंदी वेगळी असते. काही कंपन्यांच्या १० आणि पुढच्या गिअरच्या लिंक एकदाच वापरायच्या असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. क्विक लिंक घातली की ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून धरा आणि पॅडलवर भार द्या. ‘टक्’ झालं की बसली.

दंडोबाच्या वाटेवर चेन तुटली आणि खराब कड्या काढून ती आखूड करून जोडली, तर घरी येईपर्यंत पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकत्र लावू नका. आखूड चेन तिथे पुरत नाही, आणि डिरेलर ओढून चाकात नेते.

जोडल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नका. चेन उलटी पाच-सहा फेऱ्या फिरवा, मग मोकळ्या जागेत बसून सावकाश, मग थोडा जोर देऊन. उभं राहून पॅडल मारणं सगळ्यांत शेवटी.

इथे हात थांबवा

जोड नीट असूनही चेन दुसऱ्या जागी तुटली, तर तिसऱ्यांदा जोडू नका. त्या चेनीचा धातूच दमलाय, नवी घ्या.

फ्रीव्हील काढायला त्याचं हत्यार लागतं आणि गंजलेलं असेल तर मोठ्या पान्याची ताकद. छिन्नी लावून काढायला गेलात तर हब जातो. हे मिस्त्रीला द्या. कॉटर पिन ठोकून काढणंही त्याच्याकडेच.

चेन आत पडून मागच्या तारा, गिअरच्या बाजूच्या, खरवडल्या किंवा कापल्या गेल्या असतील तर त्या चाकावर भार घेऊ नका. डिरेलर ज्या कानावर लटकतो तो वाकलेला दिसला, चेनव्हीलला किंवा चिमट्याच्या खाचेपाशी चीर दिसली, तर सायकल चालवत नेऊ नका, ढकलत न्या. बॅटरीच्या सायकलीत मोटार पॅडलपाशी असेल तर साधी चेन किंवा मिळेल ते लॉक घालू नका. मोटारीची ओढ पायापेक्षा जास्त असते. कंपनीने सांगितलेलीच चेन लागते आणि काम बॅटरी काढून करायचं असतं.

नवी चेन आणायला जाताना जुनी बरोबर न्या, पण दोन्ही शेजारी लटकवून लांबी लावू नका. जुनी वाढलेली असते, नवी एखादी कडी जास्त ठेवली जाते. कड्या मोजून तेवढ्याच घ्या, आणि चेनीबरोबर दोन लॉक मागून घ्या. एक चेनीला, एक सीटखालच्या पिशवीत.